आधी सभा की आधी नकाशा?

लोकसहभागाचा विषय निघाला की महाराष्ट्रात बोट आपोआप अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याकडे वळतं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघायला वर्षानुवर्षं सरपंचांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सहली येत आहेत. गावाने एकत्र बसून ठरवलं आणि ठरवलेलं पाळलं तर काय होतं, हे या दोन गावांत डोळ्यांनी दिसतं. पण याच जिल्ह्याचं मुख्य ठिकाण म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार साडेतीन लाख वस्तीचं शहर. तिथे 2003 पासून महानगरपालिका आहे. आपल्या घरासमोरचा रस्ता किती रुंद होणार, शेजारच्या मोकळ्या जागेवर बाग येणार की बाजार, यावर तिथल्या रहिवाशाचं मत कायद्याने मागितलं जातं ते प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाल्यावर.

नियोजनात लोकांना सामील करून घ्यायचं, यावर आज कोणाचाच उघड आक्षेप नाही. वाद आहे तो केव्हा, किती आणि कोणाला, यावर. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात 14 तालुके आणि तेराशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. शिवाय नगरपरिषदा, नगरपंचायती, एक महापालिका, भिंगारचं कटक मंडळ आणि अकोले तालुक्यातला आदिवासी पट्टा. त्यामुळे या वादाची जवळजवळ सगळी रूपं इथे एकाच नकाशावर बघायला मिळतात.

कायद्याची दोन घरं

ग्रामीण भागासाठी मूळ कायदा 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम. 1993 मध्ये 73वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला. ग्रामसभेला जादा अधिकार हवेत, ही राळेगणच्या अण्णा हजारे यांची जुनी मागणी. 2003 च्या दुरुस्तीने तिचा बराच भाग कायद्यात आणला. विकासकामांना ग्रामसभेची मान्यता, लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत, आणि मुख्य सभेआधी महिलांची वेगळी सभा, ही चौकट तेव्हापासून पक्की झाली. वर्षाला किमान चार सभा व्हायच्या असतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा गावोगाव ठरून गेल्या आहेत.

गणपूर्तीचा नियम मात्र चमत्कारिक आहे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. चारशे मतदारांच्या वाडीला त्यामुळे 60 माणसं जमवावी लागतात. दहा हजार मतदारांच्या बाजारपेठेच्या गावाला शंभर जण पुरतात, म्हणजे शेकडा एक. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते.

अकोले तालुक्याचा अनुसूचित भाग या चौकटीच्याही पुढे आहे. 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम यांमुळे तिथला एखादा पाडाही ठराव करून स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी, ज्याला कागदोपत्री ‘अबंध निधी’ म्हणतात, तो थेट अशा गावांना मिळतो.

शहरांचा कायदा वेगळ्या घराण्यातला. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा कसा करायचा ते ठरवून दिलं. आधी इरादा जाहीर करायचा, मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा. तो प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचना. त्यासाठी आता तीस दिवसांची मुदत असते. मग नियोजन समितीपुढे सुनावणी आणि अखेर शासनाची मंजुरी. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. राज्याने 2009 मध्ये त्याखाली क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेचं हे शहरी भावंड आजही बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकातच आहे.

हिवरे बाजारची वजाबाकी

राळेगणची कहाणी 1975 पासूनची. लष्करातून परतलेल्या हजारे यांनी यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून सुरुवात केली. दारूबंदी, श्रमदान, नालाबांध हे सगळं मंदिरासमोरच्या बैठकीत ठरत गेलं. 1992 मध्ये राज्याने आदर्श गाव योजना काढली ती याच अनुभवावर.

हिवरे बाजार त्या मानाने धाकटं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हे पाच नियम गावाने स्वीकारले. त्यांत पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत आणि बाहेरच्याला जमीन विकायची नाही, या नियमांची भर पडली. जिल्ह्याच्या उत्तर भागात साखर कारखान्यांच्या धुराड्यांवर राजकारण उभं आहे. त्याच जिल्ह्यात उसाला नाही म्हणणारं गाव उभं राहिलं, हीच बातमी होती.

पण या गावातली खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि निरीक्षण विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे ठेवली जाते. पडलेला पाऊस गुणिले गावाचं क्षेत्र. त्यातून वाहून गेलेलं आणि वाफ झालेलं वजा. मग माणसांना प्यायला किती, जनावरांना किती, ते वजा. उरलं ते शेतीला. उरलेला आकडा बघून रब्बीत काय पेरायचं आणि उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, हे ठरतं. पाऊस कमी झाला तर गहू, कांदा मागे पडतो आणि ज्वारी-हरभरा पुढे येतो.

इथे सभेपुढे ‘तुमच्या मागण्या सांगा’ असा प्रश्न नसतो. एक आकडा असतो आणि त्यात भागवायचं असतं. मागण्यांची यादी करायला बसलेल्या सभेपेक्षा स्वतःवर बंधन घालायला बसलेली सभा वेगळी चालते. गावाबाहेरच्या अनुकरणांत हिवरे बाजारची झाडं आणि कमानी आल्या, ही वजाबाकी क्वचितच आली.

या दोन्ही गावांवर टीकाही झाली आहे. राळेगणच्या आरंभीच्या काळात दारुड्यांना खांबाला बांधण्याची पद्धत होती. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथल्या नैतिक सत्तेचं स्वरूप, बिनविरोध निवडणुकांचा आग्रह आणि दलितांचं गावातलं स्थान यांवर प्रश्न विचारले. एकमत झालं, की मतभेदाला जागाच नव्हती, असा त्या टीकेचा गाभा. समर्थकांचं उत्तर असं की दुष्काळात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला आधी शिस्त हवी होती. जानेवारी 2021 मध्ये हिवरे बाजारात सुमारे तीस वर्षांनी ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झालं. पवार यांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. एका बाजूला यात विश्वासाची पावती दिसली. दुसऱ्या बाजूला, निदान पेटीपर्यंत जाणारे विरोधक गावात आहेत, एवढं सिद्ध झालं.

शेताच्या बांधावर केलेलं नियोजन

या दोन नावांच्या झगमगाटात जिल्ह्याचा तिसरा अनुभव झाकला जातो. आणि नियोजनाच्या दृष्टीने तोच जास्त पद्धतशीर आहे. नगरमध्ये काम केलेले जेसुइट धर्मगुरू हर्मन बाकर यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था. नगर तालुक्यातलं पिंपळगाव वाघा, संगमनेर तालुक्यातली म्हसवंडी आणि दरेवाडी ही त्या कामातली ओळखीची नावं.

इथे आधी परीक्षा होती गावाची. प्रकल्प हवा असेल तर घरटी माणसांनी ठरावीक दिवस श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी-चराईबंदी मान्य करायची. मग ग्रामसभेने नेमलेली पाणलोट समिती. पुढची पायरी विशेष. आराखडा कार्यालयात न काढता गट नंबरनिहाय शेतात जाऊन काढायचा. उताराचं मोजमाप करणारा तंत्रज्ञ, शेताचा मालक आणि त्याची बायको असे बांधावर उभे राहतात. इथे सलग समतल चर, तिथे ताल, पलीकडच्या खडकाळ तुकड्यावर झाडं. शेतकरी म्हणतो, चर इथे नको, बैल वळत नाहीत. मग चर सरकतो, किंवा का सरकवता येत नाही हे त्याला तिथेच समजावलं जातं. शेवटी कागदावर सही. तज्ज्ञाचं ज्ञान आणि शेतकऱ्याची माहिती एका जागी आणण्याची याहून साधी रीत सापडणं कठीण.

हा प्रयोग तपासलाही गेला. जॉन केर या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांचा तौलनिक अभ्यास केला. निव्वळ सरकारी तांत्रिक प्रकल्पांपेक्षा लोकांना सोबत घेणारे प्रकल्प सरस ठरले, हा त्याचा एक निष्कर्ष. दुसरा तितकाच महत्त्वाचा आणि कमी सांगितला गेलेला. वाढलेल्या पाण्याचा लाभ प्रामुख्याने जमीनवाल्यांना झाला, त्यातही खालच्या अंगाला शेत असलेल्यांना. चराईबंदीचा भार मात्र शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांनी आणि भूमिहीनांनी उचलला. सभेत दोघांनीही हात वर केला असेल, पण डोंगर बंद झाल्यावर मेंढ्या घेऊन लांब जावं लागलं ते एकाच वस्तीला.

पैसा आला, अटीही आल्या

2015 साली चित्र बदललं. चौदाव्या वित्त आयोगाने देशभरातल्या ग्रामपंचायतींसाठी पाच वर्षांचे दोन लाख कोटींहून अधिक रुपये ठेवले आणि ते थेट गावाच्या खात्यावर येऊ लागले. राज्याने त्यासोबत ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम आणला. गावफेरी, शिवारफेरी, महिलांची सभा, मुलांची बालसभा, वंचित घटकांशी चर्चा, त्यातून गरजांची यादी, पंचायत समितीत तांत्रिक छाननी आणि अखेर ग्रामसभेची मंजुरी. कागदावर ही रीत पाणलोटाच्या रीतीशी बरीच मिळतीजुळती आहे.

प्रत्यक्षात काय होतं, ते कोणत्याही पंचायतीचं प्रोसिडिंग बुक चाळलं की कळतं. ‘विषय क्रमांक 3, आराखड्यास मंजुरी देणे. सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली सूचक आणि अनुमोदक. चर्चा काय झाली, कोणी काय मागितलं, काय नाकारलं गेलं, याची ओळही नसते. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या घेत शिपाई घरोघर फिरतो, हे गुपित राहिलेलं नाही. ग्रामसेवकालाही (त्याचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) दोष देऊन भागत नाही. त्याच्याकडे कधी दोन-तीन गावांचा कार्यभार असतो आणि पोर्टलवर आराखडा चढवायची तारीख डोक्यावर असते.

दुसरी अडचण निधीच्या स्वरूपाची. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 नंतरच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. महाराष्ट्रात त्या पैशातला दहा-दहा टक्के वाटा पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे जाऊ लागला. केंद्राची बाजू अशी की मोकळ्या हाती पैसा दिला की तो सिमेंट रस्ते, कमानी आणि पेव्हिंग ब्लॉकमध्ये जातो. पाणी मागे पडतं. गावांची बाजू अशी की प्राधान्य वरूनच ठरलं असेल तर सभा कशाला घ्यायची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

शहरात हरकत, सुनावणी आणि शांतता

शहरातला सहभाग आराखड्यावरच्या हरकतीपुरता उरतो. हरकत बहुधा घेतं कोण? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो. त्याचं नुकसान ठळक असतं, त्याच्याकडे वकील असतो. त्या आरक्षणावर होणाऱ्या बागेत किंवा शाळेत ज्यांची मुलं जाणार, त्यांना सुनावणीची तारीखही माहीत नसते. आरक्षणाची जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देतो आणि आरक्षण व्यपगत होऊ शकतं. त्यामुळे आराखड्यातली बाग नकाशावर हिरवी राहते आणि नंतर नकाशावरूनही जाते.

तरी हरकतींना धार नाही असं नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. त्यातल्या चुकांवर हजारो हरकती आल्या, नागरिकांचे गट उभे राहिले आणि दोन महिन्यांत तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायची वेळ आली. पुणे महानगर प्रदेशाच्या 2021 मधल्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. पण एवढ्या हरकती ऐकायच्या म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं. नियोजनकारांची तक्रार अशी की असा आराखडा कधीच संपत नाही. नागरिकांची अशी की आधीच विचारलं असतं तर एवढ्या हरकती आल्याच नसत्या.

आधी विचारण्याचा एक मार्ग पुणे महापालिकेने 2006 पासून चालवला आहे. नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात घ्यायची. एका कामाला 5 लाखांची मर्यादा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने 1989 मध्ये सुरू केलेल्या पद्धतीचा हा मराठी अवतार. पण तिथे नागरिक शहराच्या मोठ्या खर्चावर बोलत, इथे विषय बाक, दिवे आणि पदपथांचा. अहिल्यानगरसारख्या मध्यम शहरात सावेडी, केडगाव, जुनं गावठाण यांच्या गरजा अगदी वेगवेगळ्या आहेत. तिथे एवढा प्रयोगही उपयोगी पडावा.

त्यात निवडणुकाच लांबल्या. जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, महापालिकेची डिसेंबर 2023 मध्ये, आणि दोन्हीकडे प्रशासक आले. महापालिकेची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. अशा काळात नियोजन समितीत बसायचे स्थायी समितीचे तीन सदस्यच नसतात. जिल्हा नियोजन समितीतले बहुसंख्य सदस्यही याच संस्थांतून निवडून यायचे असतात. म्हणजे लोकसहभागाची शिडी लावायची ती भिंतच काही वर्षं नव्हती.

कोण काय म्हणतं

ग्रामसभावाद्यांच्या मते सभा ही गावाची संसद आहे. पंचायत तिचं कार्यकारी अंग. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा दाखला ते देतात. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय होतो आणि अभ्यासगटात आधी माहिती घेऊन मग सभेत बोलतात.

लोकप्रतिनिधींचा आक्षेप वेगळा. पाच वर्षांची जबाबदारी ज्याने घेतली, मतं मागायला ज्याला पुन्हा जायचं आहे, त्याचा निर्णय शंभर हजर माणसांनी का फिरवावा? सभेला येतात ते ठरलेलेच, असं नगरसेवक आणि सदस्य खासगीत सांगतात, आणि ते खोटं नाही.

नगररचनाकार आणि अभियंते प्रमाणाचा मुद्दा मांडतात. गल्लीतला दिवा लोक ठरवू शकतात. पण मलनिःसारण वाहिनीचा उतार, बाह्यवळण रस्ता, पूररेषा यांवर हात वर करून निर्णय होत नाहीत. शेतकरी-तंत्रज्ञांच्या शिवारफेरीने याला एक उत्तर दिलं आहे, पण ते एका गावाच्या शिवारापुरतं.

चौथी बाजू समाजशास्त्रज्ञांची आणि स्त्री-संघटनांची. 2011 पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा आहेत. तरीही महिला सभा कित्येकदा अर्ध्या तासात उरकते आणि तिचे ठराव मुख्य सभेत वाचले जात नाहीत. सभा कुठे भरते, किती वाजता भरते, ओट्यावर कोण आणि खाली कोण बसतं, यातच निम्मा निकाल लागतो, असं त्यांचं निरीक्षण.

या चारही बाजू एकमेकींना छेदत नाहीत, त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. अनुभव एवढं दाखवतो की समोर मोजलेली माहिती असेल, निर्णयाचा भार आणि लाभ त्याच माणसांवर पडत असेल आणि आराखडा अजून कोरा असेल, तेव्हा सभा जिवंत असते. यांतली एक गोष्ट सुटली की उरतो तो सह्यांचा कागद.

अजून मोकळे असलेले प्रश्न

पहिला, उत्तराचा. गावात किंवा शहरात कोणी सूचना केली, तर ती का घेतली किंवा का वगळली, हे त्या माणसाला कारणासह कळवण्याची सवय आपल्या व्यवस्थेला नाही. हजारे यांनीही ज्यासाठी आंदोलनं केली त्या माहिती अधिकाराचा अर्ज करून ते विचारावं लागतं.

दुसरा, गावाच्या पलीकडून येणाऱ्या निर्णयांचा. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांनी के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राच्या विस्ताराला विरोध केला. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना हरकतीला 21 दिवस मिळतात आणि त्या कायद्यात ग्रामसभा कुठेच नाही. अशा वेळी गावाचा आराखडा आणि देशाचा आराखडा एकमेकांना भेटतच नाहीत.

तिसरा प्रश्न पुन्हा पाण्याशी येतो. केंद्राची अटल भूजल योजना महाराष्ट्रात ज्या 13 जिल्ह्यांत आली, त्यांत हा जिल्हा आहे, आणि तिच्यामुळे हिवरे बाजारसारखा ताळेबंद इतर गावांच्या भिंतींवर लिहिला जाऊ लागला. पण जमिनीखालचा खडक गावाची शीव ओळखत नाही. एका ग्रामसभेने बोअर बंद केले आणि शेजारच्या शिवारात तीनशे फुटांवर बोअरची गाडी उभी राहिली, तर पहिल्या गावाचा ठराव काय करणार? राज्याचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. तो 2014 पासून लागू आहे आणि रात्री बोअरच्या गाड्या चालूच आहेत. एकाच खडकावर बसलेल्या दहा-बारा गावांची एकत्र सभा कोणी बोलवायची, तिची गणपूर्ती किती आणि तिचा ठराव कोणावर बंधनकारक, याचं स्पष्ट उत्तर ग्रामपंचायत कायद्यात नाही.